ब्रेक ऑइल नुसतं भरू नका, कुठून जातंय ते शोधा

मा. संपादक, नमस्कार.

गणपतीला मुंबई-पुण्याहून हजारो गाड्या कोकणात उतरतात आणि त्याच्या आधी सगळ्या गॅरेजमध्ये चेकअपची गर्दी असते, त्या गर्दीत एक प्रकार सर्रास चालतो त्याबद्दल लिहितोय. बॉनेट उघडायचं, ब्रेक ऑइलच्या डबीत लेव्हल मिनिममच्या खाली दिसली की बाटली फोडून मॅक्सपर्यंत भरायचं आणि गाडी ओके म्हणून चावी हातात द्यायची. हे थांबायला हवं. ब्रेक ऑइल काही पेट्रोलसारखं जळून संपत नाही, ते कमी झालं तर एक म्हणजे पॅड झिजलेत आणि पिस्टन बाहेर सरकल्यामुळे तेवढं ऑइल कॅलिपरमध्ये (चाकाजवळचा, पॅड दाबणारा भाग) उतरलंय (हे महिनोन्‌महिने हळूहळू होतं, पॅड बघून घ्यायचे एवढंच), नाहीतर कुठून तरी गळतंय. आणि गळत असेल तर वरून भरलेलं ऑइल पण त्याच वाटेने जाणार ना!

माझ्या भावाच्या गाडीत असंच भरून दिलेलं, एका शब्दाने कोणी काही बोललं नाही. नंतर कुंभार्ली घाट उतरताना वळणावर लाल दिवा लागायचा आणि सरळ रस्त्याला आलं की विझायचा. हँडब्रेक वर राहिला तरी तोच दिवा लागतो, त्यामुळे त्याला वाटलं हँडब्रेकच नीट खाली बसत नाहीये. खरं म्हणजे ऑइल कमी असलं की वळणावर, उतारावर ते डबीत एका बाजूला सरकतं आणि सेन्सर दिवा लावतो. घाटात असं दिसलं तर पुढे जाऊच नका, सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या.

खाली आल्यावर आमच्या ओळखीच्या मेकॅनिकने गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावले आणि सगळ्यात आधी टायरच्या आतल्या बाजूला हात फिरवला. मागच्या डाव्या टायरला आतून ओला ओघळ होता. ड्रम काढला, व्हील सिलेंडरच्या (ऑइलच्या दाबाने ब्रेक शू ड्रमवर दाबणारा छोटा भाग) टोकाची रबरी टोपी स्क्रू ड्रायव्हरने जराशी उचलली आणि आतून ऑइल चक्क ओघळलं. आतला सील गेलेला, दुसरं काही नाही. काही शेकड्यांत मिळणारा पार्ट आहे हो, पण त्याच्यामुळे ब्रेक शू ऑइलने भिजून गेलेले. ते पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपर मारून परत बसवणारे खूप जण आहेत, याने साफ नाही सांगितलं, कारण लायनर (शूवरचा घासणारा थर) ऑइल पितं आणि गरम झालं की परत सोडतं, मग एक चाक धरतं एक घसरतं. दोन्ही मागच्या चाकांचे शू नवीन, डाव्या बाजूचा सिलेंडर नवीन, ड्रम ब्रेक क्लीनरने साफ.

मग सिलेंडर बदलताना लाइनमध्ये शिरलेली हवा काढणं. भाऊ आत बसून पेडल मारतोय, हा खाली चाकाजवळच्या निपलला (हवा काढायचा छोटा स्क्रू) पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवून, "मार, मार... धर!" म्हटलं की भाऊ पेडल दाबून धरणार, हा पान्याने निपल ढिला करणार, बुडबुडे येतात, निपल परत टाइट झाल्यावरच पेडल सोडायचं. मध्येमध्ये वरची डबी बघायची, ती रिकामी झाली तर हवा परत आत. बाटलीत निघालेलं ऑइल पुन्हा वापरायचं नाही. काही एबीएसवाल्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) गाड्यांना यासाठी स्कॅनर लागतो, तिथे घरगुती प्रयोग नकोत.

घरी मात्र एवढं कोणीही बघू शकतं. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. एसीचं पाणी सुकून जातं, इंजिन ऑइल काळं असतं, ब्रेक ऑइल फिकट पिवळं किंवा जुनं असेल तर तपकिरी आणि बोटाला बुळबुळीत लागतं (बोनेटच्या रंगावर सांडू देऊ नका, रंग जातो). इंजिन चालू ठेवून उभ्या गाडीत पेडल दाबून धरा, ते हळूहळू खाली खाली जात असेल आणि बाहेर कुठेच ओल नसेल तर मास्टर सिलेंडरचा (पेडलने दाबला जाऊन चाकांकडे ऑइल ढकलणारा भाग) सील आतल्या आत गेला असण्याची शक्यता खूप. पेडल स्पंजसारखं लागलं तर लाइनमध्ये हवा. आमच्यासारख्या किनाऱ्याजवळच्या गाड्यांचे लोखंडी ब्रेक पाइप पण बघायला सांगा, क्लिपच्या खाली चिखल अडकून नेमके तिथेच गंजतात.

आणि डबीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ (ब्रेक ऑइलचे ग्रेड) लिहिलंय ते बघूनच ऑइल भरा, चुकून इंजिन ऑइलसारखं खनिज तेल गेलं तर सगळे रबर फुगतात. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, कोरं डॉट ४ कमीत कमी २३० डिग्रीला उकळायला हवं, पाणी शोषलेल्याला तीच मर्यादा १५५ वर येते, म्हणून साधारण दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं असतं.

पीयूसीत फक्त धूर तपासतात, खासगी गाडीचं फिटनेस १५ वर्षांनी, मधल्या काळात ब्रेक बघणारं कोण? मेकॅनिकच ना. आरटीओने गणपतीच्या आधी ब्रेक तपासणीची शिबिरं घेतली तर फार बरं होईल. आणि ग्राहकांनी नुसतं "ब्रेक ऑइल टॉप-अप" लिहिलेलं बिल घेऊ नये, कुठल्या चाकाला गळत होतं, काय बदललं, हे लिहून मागावं, पॅड झिजल्यामुळे लेव्हल उतरली असेल तर तेही लिहून द्यायला सांगावं.

— एक वाचक, चिपळूण