‘हायड्रोजन कुठे गेला?’ असं विचारणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

आम्लांचा धडा तुम्ही मला शिकवलात त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले होते. आता तोच धडा मी वर्गात शिकवते, आणि दरवर्षी त्या आठवड्यात तुमची आठवण येते. पत्र उघड लिहिते आहे, कारण हा धडा शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या आणखी कुणाला तुमची पद्धत उपयोगी पडली तर मला फार आनंद होईल.

पुस्तकात या धड्याच्या चार ओळी असतात. आम्ल आणि धातू मिळून क्षार आणि हायड्रोजन. आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार आणि पाणी. आम्ल आणि धातूचं ऑक्साइड मिळूनही क्षार आणि पाणी. आम्ल आणि कार्बोनेट मिळून क्षार, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. मुलं त्या पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. तुम्ही या ओळी पाठ करायला कधी सांगितल्या नाहीत. अभिक्रिया कोणतीही असो, तुमचा प्रश्न एकच असायचा: ‘हायड्रोजन कुठे गेला?’

त्या प्रश्नाआधी तुम्ही एक प्रयोग दाखवलात, तो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. कोरडा हायड्रोजन क्लोराइड वायू, कोरडा निळा लिटमस कागद. रंग बदलला नाही. तोच कागद ओला करून धरला तर लगेच लाल. आम्लाचं आम्लपण पाण्यात उघड होतं, तिथे हायड्रोजनचा आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला धनभारित हायड्रोजन, सुटतो आणि पाण्याच्या रेणूला चिकटून वावरतो, हे त्या दोन कागदांनी पटवलं. पुढच्या अभिक्रियांमध्ये पाहायचं ते एवढंच, की या आयनाला कोण भेटतं.

हायड्रॉक्साइड भेटलं तर पाणी होतं. ऑक्साइड भेटलं तरी पाणीच, फक्त दोन आयन लागतात. कार्बोनेट भेटलं तर कार्बोनिक आम्ल तयार होतं, ते टिकत नाही, फुटून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड देतं, म्हणून फसफस. धातूची गोष्ट मात्र वेगळ्या जातीची आहे, हे तुम्ही आवर्जून सांगायचात. तिथे धातू आपले इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या आयनाला देऊन टाकतो आणि हायड्रोजन वायू होऊन निघून जातो. पहिल्या तिन्हींत इलेक्ट्रॉनांची देवघेव नाही, इथे आहे. पुस्तकं या चार ओळी एकाखाली एक छापतात, तेव्हा हा फरक झाकला जातो. माझ्या मते तो पहिल्याच तासाला सांगायला हवा.

धातूंच्या तासाला चार परीक्षानळ्यांत विरल, म्हणजे भरपूर पाण्यात मिसळलेलं, हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. मॅग्नेशियम उसळलं, जस्ताने बुडबुडे सोडले, लोखंड रेंगाळलं, आणि तांब्याने आम्लाला दादच दिली नाही. तांबं आपले इलेक्ट्रॉन हायड्रोजनला देत नाही, म्हणून अभिक्रियाशीलता श्रेणीत, म्हणजे जास्त क्रियाशील धातू वर ठेवणाऱ्या यादीत, ते हायड्रोजनच्या खाली. मग खिडकीपाशी नेऊन तुम्ही तांब्याचा छोटा तुकडा संहत, म्हणजे फारसं पाणी न मिसळलेल्या, नायट्रिक आम्लात टाकलात. तपकिरी धूर, निळसर हिरवं द्रावण! ‘बाई, आता का विरघळलं?’ असं आम्ही ओरडलो, तर तुमचं उत्तर तोच प्रश्न. हायड्रोजन कुठे गेला? वायू होऊन निघाला नव्हता, पाण्यात गेला होता. तांब्याचे इलेक्ट्रॉन घेतले ते नायट्रेटने, आणि त्यातूनच तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड झाला. अपवाद म्हणून लक्षात ठेवायची गोष्ट त्या दिवशी कारणासकट समजली.

त्यानंतर तुम्ही काळं कॉपर ऑक्साइड विरल आम्लात टाकून थोडं तापवलंत आणि ते निमूटपणे विरघळलं. तांबं विरघळत नाही, त्याचं ऑक्साइड विरघळतं, असं का? ऑक्साइडमधल्या तांब्याने आपले इलेक्ट्रॉन आधीच दिलेले असतात. हायड्रोजनला तिथे हवा असतो तो ऑक्सिजन, आणि तो मिळतो. हा प्रश्न मी आजही सराव परीक्षेत घालते.

संगमरवराच्या प्रयोगासाठी आम्ल हायड्रोक्लोरिकच का, सल्फ्युरिक का नाही, हे तुम्ही करून दाखवलंत. विरल सल्फ्युरिक आम्लात खडा क्षणभर फसफसला आणि थांबला. आम्ल शिल्लक होतं, संगमरवर शिल्लक होता, पण खड्यावर कॅल्शियम सल्फेटचा थर बसला होता. तो पाण्यात फारसा विरघळत नाही, त्यामुळे आम्लाला आत वाट नाही. ॲल्युमिनियमचं याच्या उलट. आधी काहीच घडत नाही, कारण वर ऑक्साइडचा पातळ थर असतो; हायड्रोक्लोरिक आम्लाने तो खाल्ला की मग जोरात बुडबुडे येतात. समीकरण बरोबर असूनही परीक्षानळीत काही दिसत नसेल तर आधी पृष्ठभाग पाहा, हे मी तुमच्याकडून घेतलं.

कार्बन डायऑक्साइड सोडल्यावर कॅल्शियम कार्बोनेट तयार होऊन चुन्याची निवळी दुधाळ झाली की बहुतेक वर्गांत प्रयोग संपतो. तुम्ही वायू सोडतच राहिलात आणि निवळी पुन्हा नितळ झाली. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड स्वतःच कार्बोनिक आम्ल बनतो, त्याचा हायड्रोजन कॅल्शियम कार्बोनेटकडे जातो, आणि तयार होणारं बायकार्बोनेट विरघळतं. गुहांमधले चुनखडकाचे स्तंभ याच अभिक्रियेच्या जाण्यायेण्यातून उभे राहतात, हे तुम्ही जाता जाता सांगितलंत.

सौम्य आणि तीव्र आम्लांचा तुमचा तास तर मी जसाच्या तसा उचलला आहे. सारख्याच संहतीचं, सारखंच आकारमान असलेलं ॲसेटिक आणि हायड्रोक्लोरिक आम्ल, दोन्हींत भरपूर मॅग्नेशियम. एकीकडे झपाट्याने हायड्रोजन, दुसरीकडे सावकाश. कुणात जास्त वायू मिळेल, असं विचारल्यावर सगळा वर्ग तीव्र आम्लाकडे हात दाखवतो. शेवटी दोन्हीकडे वायू सारखाच भरतो! 0.1 मोलार (मोलार हे संहतीचं माप) ॲसेटिक आम्लात शंभरातला जेमतेम एक रेणू आयन देतो, पण तो वापरला गेला की दुसरा सुटतो, आणि असं शेवटपर्यंत चालतं. सौम्य म्हणजे कमी आम्ल, हा गैरसमज इथे कायमचा जातो.

उदासिनीकरणाची उष्णताही अशीच. विरल द्रावणात कोणतंही तीव्र आम्ल आणि कोणतीही तीव्र अल्कली (पाण्यात विरघळणारी आम्लारी) घ्या, तयार होणाऱ्या दर मोल (सुमारे 18 ग्रॅम) पाण्यामागे सुमारे 57 किलोजूल उष्णता मिळते, कारण खरी अभिक्रिया एकच असते: हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन यांचं पाणी.

तुमचा प्रश्न किती जुना आहे तेही तुम्हीच सांगितलं होतं. रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएला आम्लाचं मूळ ऑक्सिजनमध्ये दिसलं. 1810 मध्ये रसायनशास्त्रज्ञ डेव्हीने क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचं मांडलं, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजनच नाही. 1838 मध्ये रसायनशास्त्रज्ञ लीबिखने सांगितलं की धातूला ज्याची जागा घेता येते तो हायड्रोजन म्हणजे आम्लाची खूण.

आणि एक आभार शिस्तीचे. संहत सल्फ्युरिक आम्ल पाण्यात ओतायचं, थेंब थेंब, ढवळत. पाणी आम्लात कधीही नाही. उलट केलं तर वरचं हलकं पाणी त्या उष्णतेने जागीच उकळून आम्लासकट अंगावर उडतं, हे कारण तुम्ही नियमासोबत दिलंत. कारण माहीत असलेली मुलं नियम मोडत नाहीत, हे मी माझ्या प्रयोगशाळेत पाहते आहे.

तुमचा प्रश्न मी वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावला आहे. तुमची परवानगी गृहीत धरली आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली विद्यार्थिनी