चार केल्विनवरच्या मेमरीचं काय?

महोदय,

क्वांटम संगणकाबद्दल हल्ली भरपूर छापून येतं. कडाक्याच्या गारठ्यातच चालणाऱ्या, अतिवाहक (म्हणजे थंडीत विजेला अजिबात रोध न करणाऱ्या) सर्किटांच्या साध्या संगणकाबद्दल मात्र कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं मी द्रव हेलियमच्या प्लांटवर होतो. तापमान ४.२ केल्विन, म्हणजे उणे २६९ अंश. तिथे एक वॅट उष्णता झिरपली की तासाला सुमारे १.४ लिटर हेलियम उकळून जातं. द्रव नायट्रोजन तेवढ्याच उष्णतेनं जेमतेम २२ मिलिलिटर जातो. म्हणून क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे नमुना थंड ठेवायच्या भांड्यात, तांब्याची जाड तार सोडायला निघालेल्या मुलांना मी थांबवायचो आणि उष्णता फारशी न वाहणाऱ्या मँगॅनिन या मिश्रधातूची केसासारखी तार हातात द्यायचो.

हे सांगायचं कारण असं. नायोबियम या धातूच्या जोसेफसन जंक्शनची (दोन अतिवाहकांमधला अतिपातळ सांधा) सर्किटं काही पिकोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या काही लाख-कोटीव्या भागांत, पलटतात, तेही नगण्य ऊर्जेत. पण आकडे ठेवायचे कुठे? मेमरी बाहेर, खोलीच्या तापमानाला ठेवली तर हजारो तारा आत न्याव्या लागतात, आणि प्रत्येक तार उष्णता घेऊन येते. आतली एक वॅट उष्णता काढायला बाहेर शेकडो वॅट वीज जाते. मग बचत राहिली कुठे?

आयबीएमने आपला जोसेफसन संगणकाचा प्रकल्प १९८३ मध्ये गुंडाळला, त्यात वेगवान मेमरी चिप जमत नव्हती हे मोठं कारण होतं. पुढे जपानच्या एनईसीनं नव्वदच्या दशकात ४ किलोबिटपर्यंत मजल मारली. तेव्हा सिलिकॉनची १६ मेगाबिटची चिप बाजारात मिळत होती. अडचण मुळातच आहे. बिट म्हणजे अतिवाहक वेटोळ्यात अडकलेला चुंबकीय फ्लक्सचा एक क्वांटम, म्हणजे त्याचा सर्वांत लहान ठरावीक हिस्सा. वेटोळं लहान केलं की तोच क्वांटम धरायला जास्त प्रवाह लागतो, त्यामुळे चिपवर दाटी करताच येत नाही. आता जंक्शनच्या आतच चुंबकीय थर घालून, त्याच्या दिशेत बिट साठवायचे प्रयत्न चालू आहेत. प्रवाह नसतानाही तो टिकतो. लिहायला मात्र अजून वेळ आणि ऊर्जा दोन्ही जास्त लागतात, आणि खरं काम तिथेच आहे.

ते आपल्याला झेपणार नाही असं मला मुळीच वाटत नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) २०१६ साली बिस्मथच्या स्फटिकात ०.५३ मिलिकेल्विनला अतिवाहकता सापडली, ती इथल्याच लोकांच्या हातून.

राष्ट्रीय क्वांटम मिशनला २०२३ मध्ये ६,००३ कोटींची मंजुरी मिळाली आहे. त्यातला थोडा वाटा या मेमरीला द्यावा, एवढीच विनंती. महाविद्यालयांतली मुलं पातळ थरांचे उत्तम नमुने बनवतात, पण ते चार केल्विनला मोजायला त्यांना जागा मिळत नाही. माझ्याकडे अशी मुलं गावाहून डबीत नमुना घेऊन यायची आणि महिनाभर रांगेत थांबायची. मोठ्या संस्थांनी आठवड्यातला एक दिवस तरी त्यांच्यासाठी राखून ठेवावा.

— एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, डोंबिवली