अण्णा, मी राजीनामा देत नाहीये

ती. अण्णा आणि आई,
सा. नमस्कार.

फोनवर माझ्या आजाराचा आणि नोकरीचा विषय निघाला की आई रडायला लागते आणि अण्णा फोन ताईच्या हातात देऊन गोठ्याकडं निघून जातात, म्हणून सगळं लिहूनच पाठवायले. ताई, दोघांना शेजारी बसवून वाचून दाखव आणि मधले आकडे गाळू नको, अण्णांना आकडे लागतात.

अण्णा, तुमचं म्हणणं मला पूर्ण कळलंय. नोकरी सोड, फंड काढून घे, गावाकडं ये, कमी पडलं तर वरचं एक एकर काढून टाकू. तुम्ही हे किती जीवावर येऊन म्हणला असाल ते मला माहितीये, त्या रानात तुम्ही उभं आयुष्य घातलंय. पण जमीन विकायची नाही, आणि राजीनामा मी आत्ता देणार नाही. दोन्ही गोष्टींचा लै विचार केलाय.

आधी तब्येतीचं खरं सांगते, कारण आजवर मी तुम्हाला निम्मंच सांगत आले. कंपनीचा जिना आता माझ्याच्यानं चढवत नाही, म्हणून मला खालच्या स्टोअरमधे बसून करायचं काम दिलंय. ते जमतं, पण संध्याकाळी खांद्याच्या वर हात जात नाही, वेणी शेजारची पोरगी घालून देते. आई, दिवाळीत तू बघितलंस ना, चुलीपाशी बसलेली मी उठताना आधी दोन्ही हात जमिनीवर टेकले, मग एक हात गुडघ्यावर, मग दुसरा मांडीवर, असं स्वतःच्याच अंगाला धरत धरत उभी राहिले आणि तू तोंड फिरवून भाकरी उलटायला लागलीस. संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यातल्या डॉक्टरनी मला नेमकं हेच करायला लावलं होतं, खाली बसा आणि काही न धरता उठा म्हणले. कमरेचे आणि मांड्यांचे स्नायू बारीक होत गेले की माणूस असाच उठतो. मस्क्युलर डिस्ट्रॉफीत हे वाढत जातं, माझा जो प्रकार आहे त्याला थांबवणारं औषध अजून नाही, व्यायाम, फिजिओ आणि मधून मधून हृदयाची, श्वासाची तपासणी एवढंच आपल्या हातात. आणि आई, डॉक्टरनी "आईवडील नात्यातले का" असं विचारल्यापासून तू जे मनाला लावून घेतलंयस ते सोड गं. मामाच्या घरात पोरगी देणं आपल्याकडं सगळ्यांनीच केलं, आणि असला दोष दोघांच्या अंगात काही त्रास न देता असतो, तुम्हाला कळणार तरी कसं होतं.

आता पैशाचं. माझा पगार साधारण १८,००० पडतो. त्यातून दर महिन्याला ईएसआयसीचा, म्हणजे कामगार विम्याचा, पाऊण टक्का कापतात आणि कंपनी वरून सव्वातीन टक्के भरते. त्यामुळं आजारपणाच्या रजेवर गेले तर आधी ९१ दिवस पगाराच्या ७० टक्के मिळतात. त्याच्या पुढं त्यांची मोठ्या आजारांची एक यादी आहे, ३४ आजारांची, त्यात स्नायूंचा हा आजार येतो, आणि यादीतल्या आजाराला ८० टक्के देतात, म्हणजे माझे १४,४०० च्या आसपास, जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत. सलग दोन वर्षं नोकरी आणि त्यात ठराविक दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे, ते माझं कधीच पूर्ण झालंय. त्यांच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट वेळच्या वेळी लागतं, पैसे सरळ खात्यात येतात. आणि या काळात मी कामगारच राहते, नोकरी सुटलेली नसते.

दुसरी गोष्ट पीएफमधल्या पेन्शनची. अण्णा, तुम्ही फंड फंड म्हणता त्यात दोन खाती असतात, एक फंडाचं आणि एक पेन्शनचं. पेन्शनचं खातं दहा वर्षं झाल्यावर काढून घेता येत नाही, त्याचं पेन्शनच मिळतं, ते एरवी ५८ ला, कमी घ्यायचं असेल तर ५० नंतर. मी अजून चाळीशीत पण नाही. पण कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं तर वयाची अट नाही, तेव्हापासूनच चालू होतं आणि मरेपर्यंत राहतं. हिशोब असा की बेसिक आणि डीएची सरासरी गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. माझं १४,००० धरा, ११ वर्षं धरा, महिन्याला २,२०० येतात. किमान १,००० ठरलेलेच आहेत. थोडे आहेत, मला माहितीये.

पण या पेन्शनला एक अट आहे जिच्यासाठी मी राजीनाम्याला नाही म्हणायले. हे अपंगत्व नोकरीत असताना आलेलं पाहिजे. मी आज घाबरून राजीनामा दिला आणि सहा महिन्यांनी अर्ज केला तर मला सिद्ध करत बसावं लागंल की मी आधीच थकले होते, आणि तिथं आपलं कोण ऐकणार. उलट आजच अर्ज टाकला तर मेडिकल बोर्ड बघतं की जे काम करू शकत होते ते सगळंच आता होत नाही का, आणि मी तर आत्ता खुर्चीत बसून एंट्री करायले, मग पूर्ण कसं म्हणतील. खोटं सांगून मला ते नकोय. म्हणून मी ठरवलंय, जोपर्यंत बसून काम जमतंय तोपर्यंत काम, नाही जमलं की ईएसआयसीची रजा, आणि त्या रजेत असताना, नोकरी कागदावर चालू असताना, पेन्शनचा १०-डी फॉर्म. रजेच्या काळात पगार नाही म्हणून पेन्शनची वर्षं वाढत नाहीत हे खरंय, पण वर्षाला दोनशे रुपयांसाठी मी अंग मोडून घेणार नाही. फंडाचे पैसे मात्र तिकडंच राहू द्यायचे, आत्ता त्याला हात लावायचा नाही, पुढं व्हीलचेअर, उंच पलंग, घरात कमोड हे सगळं त्यातूनच होणारे.

आणखी एक, नोकरी सुटली की ईएसआयसीचा दवाखाना पण काही महिन्यांत बंद होतो. महात्मा फुले योजना आहे, पाच लाखापर्यंत आहे, पण ती दवाखान्यात भरती झाल्यावरची. माझं रोजचं फिजिओ त्यात कुठं बसतंय.

आता तिसरं, ज्याच्यावरून आपलं खटकलं. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे पैसे. ताईच्या नणंदेनं सांगितलं ते बरोबर आहे, ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना दीड हजाराचे अडीच हजार झालेत. ४० टक्क्याच्या वर अपंगत्व आणि घरचं वर्षाचं उत्पन्न ५०,००० च्या आत पाहिजे. माझा पगार चालू असताना तो अर्ज होऊच शकत नाही, विषय संपला. पुढं पेन्शनवर आले तर माझे वर्षाचे २६,४०० होतात, पण रेशनकार्ड एक असलं की शेतीचं पण धरणार. अण्णा, तुम्ही म्हणलात तलाठ्याला सांगून उत्पन्न कमी दाखवू. नका हो. कापूस गेल्या वर्षी पावसानं काळा पडला, जे खरं हातात आलंय तेच एवढं थोडं आहे की कदाचित खरं सांगूनच बसंल. तुमच्या सहीनं खोटा दाखला निघालेला मला चालणार नाही. बसलं तर घ्यायचं, आणि घेताना मान खाली घालायची नाही.

आई, तू म्हणालीस की अपंगत्वाचे टक्के कशाला वाढवून घेतीस, लोक म्हणतील पोरगी पांगळी झाली. माझं जुनं सर्टिफिकेट ४५ टक्क्यांचं आहे, तेव्हा मी पळत एसटी धरायचे. आता ड्रायव्हरला थांबा म्हणावं लागतं आणि कंडक्टर दंडाला धरून वर घेतो. कागदावर अजून ती जुनी मीच आहे. बोर्डासमोर गेले की कागद माझ्या आजच्या अंगाशी जुळंल, बास एवढंच. पिवळं कार्ड आहे ते ८० च्या वर गेलं तर निळं येतं. मला पण त्या रंगाची भीती वाटते, रात्री वाटते, तुम्हाला खोटं कशाला सांगू. पण पुढच्या प्रत्येक अर्जाला हाच कागद पहिला मागणारेत, आणि आज कमी टक्के असलेला कागद घेऊन पूर्ण अपंगत्वाचं पेन्शन मागायला गेले तर पहिल्याच खिडकीवर परत पाठवतील.

म्हणून आधी हे काम. यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग कार्डाच्या, पोर्टलवर पुन्हा तपासणीचा अर्ज भरायले. ईएसआयसीचे जुने सगळे पेपर, जीन टेस्टचा रिपोर्ट, हृदयाची इको, एका फायलीत लावलेत. पीएफच्या नॉमिनेशनमधे तुम्हा दोघांची नावं टाकलीत. माझं लग्न झालेलं नाही म्हणून माझ्या मागं पेन्शन तुम्हालाच लागू होतं. असलं लिहिलं की आई चिडणार, पण कागद नीट असलेला बरा.

गावाकडं यायचंच आहे मला. रजा लागली की येणार, खोलीचं भाडं इथं कशाला भरायचं, फक्त ईएसआयसीच्या सर्टिफिकेटसाठी मधून मधून संभाजीनगरला यावं लागंल आणि त्याला दाजींनी सोबत येईन म्हणलंय. पण ओसरीची पायरी फार उंच आहे अण्णा. गवंड्याला सांगून तिथं सिमेंटचा उतार करून घ्या, लांब आणि कमी चढाचा, आणि एका बाजूनं धरायला पाइप. न्हाणीत पण एक दांडा. खर्च मी पाठवते, तुम्ही कापसाच्या पैशाला हात लावू नका.

आणि ताई, रेशनकार्डच्या दोन्ही पानांचा आणि अण्णांच्या सातबाऱ्याचा फोटो उजेडात काढून व्हाट्सॅपवर टाक. मागच्या वेळचा अंधारात आला होता, नावं वाचता येईनात. अण्णांच्या आधारवर जन्मतारीख आणि रेशनकार्डवरचं वय जुळतं का तेवढं बघ, जुळत नसंल तर आत्ताच सेतूत जाऊन दुरुस्त करून घेऊ, ऐनवेळी त्यावरून अडवतात.

रविवारी दुपारी फोन करते. अण्णा, तेव्हा गोठ्याकडं जाऊ नका, तुमच्याशीच बोलायचंय, पटलं नसंल तर तसं सांगा.

तुमची,
लहानी