सोयाबीन घाला म्हणता, पण किती?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला दुभत्या जनावरांना तेलबियांचा खुराक घालण्यावरचा लेख वाचला आणि राहवलं नाही. सोयाबीन, सरकी, जवस यांचे गुण पानभर सांगितलेत. किती घालायचं, कच्चं की भाजून, कोणत्या जनावराला घालायचंच नाही, याबद्दल एक ओळ नाही. आमच्या निपाणी भागात सुगीनंतर घरोघरी सोयाबीनची पोती असतात. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. बाजारात तेवढा मिळाला नाही की माणसं तेच भरडून गव्हाणीत टाकतात. तुमचा लेख त्यांच्याच हातात पडलाय.

माझ्या गोठ्यात हे घडलंय, म्हणून लिहिते. होल्स्टीन संकरित गाय, दुसरं वेत. पेंड विकणाऱ्यानं मुलाच्या गळी उतरवलं की घरचं सोयाबीन भरडून पाटीभर घाला, वर वाटीभर गोडेतेल, गाय लगेच माजावर येईल. सुरुवातीला दूध वाढलं. मग शेण पातळ झालं, रवंथ कमी झाला, कडब्याला तोंड लावेना. डेअरीत फॅट घसरली, दर कापला. आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच होईना. माजावर यायची, भरवायची, गाभण न राहता एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर यायची. दर वेळी रेतनाचे पैसे, आणि वेत लांबलं की होणारं नुकसान वेगळंच. विकणाऱ्याचं उत्तर काय, तर गाईतच दोष आहे!

दोष गाईत नव्हता. डॉक्टरांनी समजावलं की भरडलेल्या सोयाबीनचं तेल पोटात एकदम सुटतं, वैरण पचवणारे जिवाणू त्यानं मंदावतात. जास्तीच्या प्रथिनांचा युरिया रक्तात वाढतो आणि गर्भ रुजायला अडचण होते. एकूण चाऱ्यात, पाणी वगळून कोरड्या वजनावर, स्निग्धांश सहा-सात टक्क्यांच्या पुढं जाऊ नये. दिवसाला कोरड्या वजनानं पंधरा किलो चारा खाणाऱ्या गाईच्या नेहमीच्या खुराकातच तीनेक टक्के असतो. सोयाबीनमध्ये तेल सुमारे वीस टक्के, म्हणजे उरलेल्या तीन टक्क्यांत, साधारण साडेचारशे ग्रॅम तेलात, दोन-सव्वादोन किलोच्या आसपास हद्द संपते. एवढा हिशेब छापायला किती जागा लागली असती?

व्यायल्यावर गाय खंगते, तेव्हा बेताच्या स्निग्धांशानं ती सावरते, माजाला मदत होते, हे मलाही मान्य आहे. जवसाचे गुण सांगितलेत तेही खरे असतील. पण त्याच लेखात खाली युरिया प्रक्रिया केलेला चारा सुचवलाय, आणि वर कच्चं सोयाबीन! कच्च्या सोयाबीनमधलं युरिएज नावाचं विकर युरियाचा झपाट्यानं अमोनिया करतं, त्यात जनावर दगावू शकतं. दोन्ही एकत्र घालू नका, हे ठळक अक्षरात हवं होतं. लहान वासरांना सरकी नको, तिच्यातलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य त्यांना सोसत नाही, हेही नाही. पावसाळ्यात बुरशी आलेल्या पेंडीतलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष दुधात उतरतं, ते दूध आपलीच पोरं पितात, त्याचाही उल्लेख नाही.

आता कोणी म्हणेल, सरकारी पत्रकं आहेत की. आहेत, पण आमच्या गावात आली ती सगळी कन्नडमध्ये. माझ्या सुनेला धार काढता येते, माज ओळखता येतो, कन्नड वाचता येत नाही. सीमाभागातल्या मराठी बाईनं गाईचा खुराक कुणाला विचारायचा? विकणाऱ्यालाच ना? मराठीत पत्रकं मिळत नाहीत याविरुद्ध तुम्ही लिहीत नाही, आणि ती नाहीत म्हणूनच आमची सगळी भिस्त तुमच्या लेखावर असते.

येत्या अंकात त्याच जागी, त्याच आकारात किलोचं प्रमाण, युरियाचा इशारा आणि वासरांबद्दलची सूचना छापावी. लेखाचं कात्रण डेअरीच्या फळ्यावर आजच लागलंय.

आपली,
एक दूध उत्पादक,
ता. निपाणी, जि. बेळगाव