त्या वहीत लाल पेन वापरू नको

प्रिय गड्या,

परवा रात्री तुझा फोन आला, "पोराला शुगर निघाली, आयसीयूत ठेवलंय" एवढं बोललास आणि मग बराच वेळ नुसता तुझा श्वास ऐकू येत होता. मला पण काही सुचलं नाही. "होईल रे सगळं व्यवस्थित" म्हणून मी फोन ठेवला आणि तेव्हापासून ते वाक्य मलाच टोचतंय, कारण आमच्या लेकीला, चिऊला, हाच आजार निघाला तेव्हा हेच वाक्य ऐकून मला लोकांचा राग यायचा. म्हणून आज दुकानातून लवकर आलो आणि लिहायला बसलो. फोनवर मला हे सगळं बोलता येणार नाही.

आजाराचं तुला डॉक्टर समजावतीलच. टाइप वन डायबेटिस आहे, म्हणजे शरीराचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. गोड खाऊन होत नाही, आईच्या डोहाळ्यानं होत नाही, कुणाच्या नजरेनं होत नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण पोरगं घरी आलं की पाहुणे येतील आणि त्यातलं कुणीतरी वहिनीसमोर हे बोलणारच. आमच्याकडं एक नात्यातल्या बाई हिला म्हणल्या, "पोटात असताना तू लई गोड खाल्लंस गं." मी तिथंच बसलेलो आणि गप्प राहिलो. हिला ते अजून आठवतं, त्या बाईंचं बोलणं नाही, माझं गप्प बसणं. तू बोल, तिथल्या तिथं बोल, मग समोर कुणी का असेना.

आणि कुणी काढा नाहीतर बाबा सुचवला, "इन्सुलिन सुटतं" म्हणाला, तर त्याला चहा पाजून वाटेला लाव. १९२२ च्या आधी या पोरांना इलाजच नव्हता, खाणं तोडून तोडून दिवस ढकलायचे. त्या जानेवारीत टोरांटोत १४ वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, तिथून ही पोरं जगायला लागली. बाकी कशावरही घरात वाद घाला, इन्सुलिनवर नाही.

आता मला खरं जे लिहायचंय ते. दवाखान्यात सगळं सोपं असतं रे, नर्स असते, डॉक्टर येतात, मशीन वाजतं. डिस्चार्ज मिळतो, हातात इन्सुलिन टोचायचं पेन, सुया, शुगर मोजायचं ग्लुकोमीटर आणि एक कागद देतात आणि तुम्ही घराचं दार उघडता, तिथून सुरू होतं. चिऊ तेव्हा सात वर्षांची, २०१९ ची सुरुवात. दिवसाला चार वेळा सुई, पाच-सहा वेळा बोट टोचायचं, आणि रात्री दोन वाजता एकदा, कारण झोपेत शुगर ७० च्या खाली गेली तर पोरगं सांगणार कसं. हिनं मोबाईलवर दोनचा गजर लावला. आणि मी तुला एक गोष्ट सांगतो जी मी कुणालाच सांगितली नव्हती, खूप उशिरा हिला सांगितली. तो गजर व्हायचा तेव्हा मी जागा असायचो. डोळे मिटून पडून राहायचो. ही उठायची, लाइट न लावता मोबाईलच्या उजेडात पोरीचं बोट धरायची, पट्टीवर थेंब घ्यायची, पाच सेकंद थांबायची, आणि आकडा बघून जो श्वास सोडायची त्यावरून मला कळायचं शुगर किती आहे ते. मग ती तिथंच भिंतीला टेकून बसायची. परत झोपायला यायची नाही, कितीतरी रात्री यायची नाही. आणि मी सकाळी उठून मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला जायचो आणि वाटायचं आपण घरासाठी राबतोय.

भीती होती मला. सुईची नाही, त्या आकड्याची. आपण पुरुष माणसं काय करतो, पैशाचं बघतो, रिपोर्टची फाइल लावतो, कुठला डॉक्टर चांगला ते विचारत फिरतो, आणि त्याला जबाबदारी म्हणतो. ती आहेच जबाबदारी, पण त्यात रडणं टळतं. बाईमाणसाला टाळता येत नाही कारण पोरगं तिच्या मांडीवर असतं.

मग ऑगस्टमध्ये महापूर आला. तुला आठवतंय, तू रोज फोन करत होतास आणि लागत नव्हता. आम्ही सांगलीच्या गावभागात, खाली पाणी शिरलं तसं शेजारच्या काकूंच्या वरच्या मजल्यावर गेलो. लाइट नाही, फ्रिज नाही, आणि इन्सुलिनच्या न फोडलेल्या बाटल्या २ ते ८ डिग्रीत ठेवायच्या असतात. हिनं बाटल्या प्लास्टिकच्या डब्यात घातल्या, डबा मातीच्या छोट्या गाडग्यात, गाडगं मोठ्या गाडग्यात, मधे ओली वाळू, वर ओलं फडकं. फ्रिजइतकं गार होत नाही, पण उकाड्यात बाटल्या तेवढ्या वाचतात. पण मला पुरातलं जे आठवतं ते हे नाही. दुसऱ्या रात्री काकू हिला म्हणल्या, "मला शिकव ते मशीन, आज तू झोप." साठीच्या बाई, चष्मा लावून मेणबत्तीपाशी बसून शिकल्या. दोन वाजता त्यांनी चिऊचं बोट टोचलं, ११८ आली, पाटीवर खडूनं लिहून ठेवली. आणि ही त्या रात्री सहा तास झोपली. बाहेर कृष्णेचं पाणी, खाली घर बुडालेलं, आणि ही सात महिन्यांत पहिल्यांदा सहा तास झोपली. सकाळी तिचा चेहरा बघितला आणि मला स्वतःची लाज वाटली, आपण एवढे महिने काय करत होतो म्हणून.

पूर ओसरल्यावर मिरजेच्या डॉक्टरांनी आम्हाला समुपदेशकाकडं पाठवलं. मी म्हणलं आम्हाला काय वेड लागलंय का. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की अशा आजाराच्या पोरांच्या ट्रीटमेंटमध्ये मनाची तपासणी ही सुरुवातीपासूनच असायला पाहिजे, पोराची पण आणि आईबापाची पण, जगभरचे मुलांच्या डायबेटिसचे डॉक्टर हेच सांगतात. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या त्या तू पण लक्षात ठेव. एक म्हणजे थकवा, रोजच्या सुया-आकडे-खाणं मोजण्याचा, त्याला डायबेटिस डिस्ट्रेस म्हणतात, तो बहुतेकांना कधी ना कधी येतो आणि कामाची वाटणी झाली, कुणाशी बोललं की हलका होतो. दुसरं डिप्रेशन, जेव्हा झोप-भूक जाते, कशातच मन लागत नाही, आठवडेच्या आठवडे जातं तसंच. हिचं दुसरं होतं. गोळ्या सुरू झाल्या, वर्षभर घेतल्या, बरी झाली. लोकांना सांगायला लाज नाही वाटत आता, ताप आला तर औषध घेतोच ना. वहिनीकडं लक्ष ठेव, आणि स्वतःकडं पण. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ ला फोन लाव, टेली मानस म्हणून सरकारची हेल्पलाइन आहे, २०२२ पासून, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

पोराशी पण बोल. तुझा आठ वर्षांचा आहे ना? या वयात पोरांना वाटतं आजार म्हणजे आपल्याला झालेली शिक्षा. चिऊनं आजार निघाल्यावर आठ महिन्यांनी, दिवाळीच्या आधी, मी देवघर पुसत होतो तेव्हा मागं येऊन विचारलं, "बाबा, मी देवापुढची खडीसाखर न विचारता खाल्ली होती, म्हणून झालं का?" आठ महिने ती हे घेऊन फिरत होती. आम्ही तिला सुई कशी घ्यायची ते शिकवलं, कुठं टोचायची, जागा कशी बदलायची, सगळं शिकवलं, आणि तुझ्यामुळं झालं नाही हे सांगायचंच राहिलं, कारण आम्हाला वाटलं हे काय सांगायचं, कळतंच की. नाही कळत. तू आज सांग, दवाखान्यातच सांग, आणि एकदा सांगून थांबू नको.

आणि आता वहीचं. तू बँकेतला माणूस, मी अडत दुकानातला दिवाणजी, आपल्या दोघांना आकडे लिहायची सवय, म्हणून मला तुझीच जास्त काळजी वाटते. मी चिऊची शुगरची वही केली, तारीख, वेळ, आकडा, इन्सुलिनचे युनिट. १८० च्या वर गेली की लाल पेन. मला वाटलं डॉक्टरांना सोपं जाईल. मग सवयीनं मी बोलायला लागलो, आज शुगर छान आली, शाब्बास, आज परत लाल, काय खाल्लंस? चार वर्षं हे चाललं. ती अकरा वर्षांची झाली आणि वही एकदम सुंदर दिसायला लागली. १०४, ११२, ९८, सगळं निळं. मी खूश, पाहुण्यांना सांगायचो पोरगी कशी शहाणी झाली ते. आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी ती टेस्ट असते ना, एचबीए वन सी, ती आली ११ च्या वर, म्हणजे खूपच जास्त. मला वाटलं लॅबची चूक. डॉक्टरांनी ग्लुकोमीटरची मेमरी बघितली, त्यात पण तेच सुंदर आकडे. मग ते मला म्हणले तुम्ही जरा बाहेर बसा.

ती धाकट्या भावाचं बोट टोचत होती रे. आठ वर्षांचा तो. त्याला रोज एक गोळी द्यायची, लिमलेटची, आणि त्याच्या रक्ताची शुगर माझ्या वहीत लिहायची. डॉक्टरांनी नंतर मला आत बोलावलं, वही उघडून जुनी पानं दाखवली आणि एवढंच विचारलं, "हा लाल पेन कुणाचा?"

त्या दिवशी मिरजेहून येताना गाडीत मी काहीच बोललो नाही, तिला वाटलं चिडलोय. घरी आल्यावर ती स्वतःच म्हणाली, "लाल आला की तुम्ही जेवत नव्हता बाबा." मला हे माहीतच नव्हतं. म्हणजे मी जेवायचो नाही हे मला माहीत नव्हतं, तिला माहीत होतं.

म्हणून सांगतो, आकड्याला चांगला-वाईट म्हणू नका. जास्त आहे, कमी आहे, एवढंच. जास्त असली की इन्सुलिन किती ते बघायचं, कमी असली की तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत चेक. चेहरा न पाडता. "काय खाल्लंस" हा प्रश्न घरातून बंद. सर्दी झाली, परीक्षेचं टेन्शन आलं, मैदानावर जास्त पळाला, तरी आकडा हलतो, त्यात पोराचा काय गुन्हा. आमच्याकडं आता वही चिऊ लिहिते, तिला पाहिजे त्या पेननं, आणि गेल्या वेळची टेस्ट साडेसात आली. मी विचारल्यावर नाही, तिनं स्वतः येऊन सांगितलं.

धाकट्याचं पण लिहायला पाहिजे, कारण तुझी थोरली शहाणी आहे आणि शहाण्या पोरांकडं अशा वेळी कुणाचंच लक्ष नसतं. आमचा तो लिमलेटसाठी बोट देत नव्हता. समुपदेशक बाईंनी विचारलं तर म्हणाला, "मला टोचताना दीदी माझ्याशी बोलायची." घरात दिवसभर सगळे तिच्याभोवती, याला विचारायला कुणी नाही. आता रविवारची सकाळ त्याची एकट्याची, मी आणि तो आयर्विन पुलापर्यंत चालत जातो, शुगरचा विषय काढायचा नाही असं ठरलंय. थोरलीसाठी तू पण असं काहीतरी कर, तुमच्या साताऱ्यातल्या त्या चार भिंती स्मारकापर्यंत जाऊन आलात तरी पुष्कळ.

शाळेचं थोडक्यात, लपवू नका. वर्गशिक्षिका, खेळाचे सर आणि त्याच्या बाकावरचा मित्र, तिघांना माहीत पाहिजे, दप्तरात साखर पाहिजे. परीक्षेत ग्लुकोमीटर, खाऊ, इन्सुलिन जवळ ठेवू द्या असं २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क आयोगानं राज्यांना कळवलंय, मुख्याध्यापक कुरकुरले तर ते सांग. मुलगी असल्यामुळं आम्हाला "कुणाला सांगू नका, पुढं लग्नाचं अवघड होतंय" असं किती जणांनी सांगितलं, आणि पहिलं वर्ष आम्ही ऐकलं पण. त्या वर्षात ती शाळेच्या बाथरूममध्ये जाऊन एकटी सुई घ्यायची. सात वर्षांची पोर. मला ते आठवलं की अजून घास उतरत नाही.

आणखी एक. आमच्यावेळी तू भेटायला आलास तेव्हा कंदी पेढ्यांचा बॉक्स गाडीतच ठेवलास, चिऊनं खिडकीतून बघितला होता. तू प्रेमानंच केलंस, पण तिला वाटलं आता आपल्या घरी कुणी काही आणणार नाही. ती पेढा खाते रे, किती ते मोजायचं आणि तेवढं इन्सुलिन घ्यायचं. पोरगं घरी आलं की सगळ्यांच्या ताटात जे आहे तेच त्याच्या ताटात असू दे, त्याच्यासाठी वेगळं आणि तुम्ही लपून गोड, असं करू नका, पोरांना वास येतो.

सांगली-मिरज-कोल्हापूरच्या आईबापांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तुला आणि वहिनीला घालतो, दोघांना, तू एकट्यानं राहायचं नाही त्यात. तिथं रात्री अडीचला पण कुणीतरी जागं असतं.

मी आणि ही शनिवारी दुपारच्या एसटीनं येतोय. सौद्याचं मालकांना सांगितलंय, चार दिवस नाही म्हणून. चिऊ पण येणार म्हणत्येय, तिला तुझ्या पोराला सुई घेताना पोटाची चिमूट कशी धरायची ते दाखवायचंय, आईबाप दाखवतात तसं दुखतं म्हणे. ही वहिनीपाशी झोपेल. आपण दोघं बाहेरच्या खोलीत पोराजवळ. दोनचा गजर माझ्या मोबाईलवर लावतो, पहिल्या रात्री मी टोचतो, तू बघ, दुसऱ्या रात्री तू टोच, मी बॅटरी धरतो. वहिनीला उठवायचं नाही.

हे पत्र तिला पण वाचायला दे, मी झोपेचं सोंग घ्यायचो ते पान काढून ठेवू नको.

तुझाच,
सांगलीकर