सूचना : दोन्ही हायस्कूलच्या एकत्रीकरणाची बैठक

सर्व सभासदांना नमस्कार. रविवारी सकाळी 10 वाजता वरच्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेत बैठक आहे. हॉल गळतोय, तिकडे जाऊ नये.

15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या (पटसंख्येनुसार शिक्षकपदं मंजूर करण्याच्या) शासन निर्णयानंतर कमी पटाच्या वर्गांची शिक्षकपदं टिकवणं अवघड झालंय. त्यामुळे कोणत्या शाळेचा यूडायस क्रमांक (सरकारी ओळख क्रमांक) ठेवायचा, अतिरिक्त ठरणाऱ्या शिक्षकांचं समायोजन (दुसऱ्या शाळेत सामावून घेणं) आणि खालच्या गावच्या मुलींसाठी एसटीची वेळ, हे आधी ठरवू. एसटीचं जमलं नाही तर बाकी सगळं कागदावरच.

मुख्याध्यापकांनी दोन्हीकडची जनरल रजिस्टरं (विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या नोंदवह्या) आणावीत. खालच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरची पानं सुटलीत, कापडात बांधूनच आणा. जुने दाखले त्यावरूनच द्यायचेत.

नव्या नावाचा विषय शेवटी. त्यावरून आत्तापासून ग्रुपवर भांडू नये, ही विनंती.

– सचिव