ओट्याच्या चौकश्या आमच्यापर्यंत न पोहोचल्याबाबत आणि वेबसाइटवरील चुकीच्या मजकुराबाबत तक्रार

दिनांक : १० डिसेंबर २०२४

प्रति,
मा. संचालक,
वेबसाइट व डिजिटल जाहिरात कंपनी, पुणे

विषय : चौकश्या मिळवण्यासाठी बनवलेल्या वेबसाइटमधील गंभीर दोष, त्यामुळे झालेले नुकसान आणि डोमेन, गूगल प्रोफाइल व जाहिरात खाते आमच्या ताब्यात देण्याबाबत

महोदय,

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचा ग्रॅनाइट आणि क्वार्ट्झच्या किचन ओट्यांचा कारखाना आहे. माप, कटिंग आणि साईटवरची फिटिंग माझे पती आणि दीर बघतात. कोटेशन, हिशेब आणि फोन माझ्याकडे असतात. या वर्षी मे महिन्यात आम्ही वेबसाइटचे काम आपल्याला दिले. ते कशासाठी, हे कराराच्या पहिल्याच परिच्छेदात आहे : नाशिक शहर आणि आसपासच्या तालुक्यांतले घरमालक व इंटिरिअरवाले यांच्या ओट्याच्या चौकश्या आमच्याकडे आणणे. ठरलेली सगळी रक्कम आम्ही जीएसटीसकट वेळेवर भरली. दसरा-दिवाळीचा हंगाम आता संपला. त्या हंगामात लोकांनी आम्हाला विचारले, पण त्यांचे विचारणे तुमच्याकडे पडून राहिले. या पत्राचे मुख्य कारण हेच आहे.

ही गोष्ट उघड कशी झाली तेही सांगते. ऑक्टोबरच्या शेवटी पाथर्डी फाट्याकडच्या एक ताई खिडकीच्या फ्रेमसाठी ग्रॅनाइट बघायला कारखान्यावर आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "ओट्यासाठी पण तुमच्याच वेबसाइटवर भरलं होतं, पण कोणाचा फोनच आला नाही. म्हटलं, यांना छोटं काम नको असेल." त्यांचा ओटा दुसऱ्यांकडून बसून वापरातही आला होता. मी त्यांच्याच मोबाइलवरून फॉर्म पुन्हा भरला. "धन्यवाद, आमचे प्रतिनिधी लवकरच संपर्क करतील" असे झळकले. माझ्या मेलमध्ये काही आले नाही, स्पॅममध्येही नाही. तुमच्या सपोर्टला विचारले तेव्हा कळले, की चाचणीच्या वेळी तुमच्या मुलांनी फॉर्मला स्वतःचा मेल पत्ता लावला होता आणि साइट सुरू करताना तो बदललाच नाही.

मग तुम्ही एक्सेलची फाइल पाठवली. जुलैपासूनची नावे होती त्यात. "दहा बाय आठचे किचन, सी आकाराचा ओटा, ताबा मिळाला आहे, दिवाळीआधी हवा." "एल ओटा, जेट ब्लॅक, सिंक खालून बसवायचे, माप घ्यायला कधी येता?" एका आजोबांनी सिडकोतल्या जुन्या घराचा कडप्पा काढून ग्रॅनाइट टाकायचा म्हणून सविस्तर लिहिले होते, शेवटी "कृपया दुपारी चारनंतर फोन करावा" असेही. मी एकेकाला फोन लावला. बहुतेकांचे उत्तर एकच होते, "झालं आमचं काम."

आमच्या धंद्यात उशीर किती महाग पडतो हे तुमच्या लोकांना मे महिन्यातच समजावून सांगितले होते. ओटा अडला की पूर्ण किचन अडते. खालचे कडप्प्याचे आधार उभे राहिल्यावर वरचा ग्रॅनाइट बसतो, त्यानंतर डॅडोच्या, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीच्या टाइल्स, मग प्लंबर, मग ट्रॉलीवाला. ही सगळी माणसे ओट्यासाठी थांबलेली असतात. म्हणून गिऱ्हाईक दोन-तीन ठिकाणी विचारते आणि जो आधी येऊन माप घेईल त्याला काम देते. चौकशी आल्यापासून एक-दोन दिवसांत आम्ही साईटवर पोहोचलो नाही, तर दर कितीही कमी लावा, काम हातचे जाते. इथे तर महिनेच्या महिने कोणी वाचलेसुद्धा नाही. या काळात तुम्ही दर महिन्याचा अहवाल मात्र नियमित पाठवत होता. त्यात "कन्व्हर्जन्स", म्हणजे साइटवरून मिळालेल्या चौकश्या, म्हणून तीन आकडी संख्या असायची. संपर्काचे पान कोणी नुसते उघडले तरी ते कन्व्हर्जन धरायचे, अशी सेटिंग तुम्ही केली होती हे आता समजले. कोणी फोन केला का, फॉर्म भरला का, व्हॉट्सॲपवर आले का, हे मोजायला हवे होते. ते मोजले असते तर फॉर्म कुठे जातो हे पहिल्याच महिन्यात कळले असते.

फॉर्मबद्दल आणखी सांगायचे आहे. काय विचारायचे याचे एक पान मी स्वतः लिहून तुमच्या प्रोजेक्ट मॅनेजरकडे दिले होते : ओट्याचा आकार कोणता, अंदाजे रनिंग फूट किती, ग्रॅनाइट की क्वार्ट्झ, धार हाफ राउंड हवी की साधी, सिंक आणि हॉबची कटिंग आहे का, मजला कितवा, घर कोणत्या भागात, आणि जमल्यास किचनचा एक फोटो. मजला विचारण्याला कारण आहे. आठ-नऊ फुटांचा अखंड तुकडा बहुतेक सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये मावत नाही. चार माणसांनी जिन्याने चढवावा लागतो, जिना अरुंद असेल तर जोड कुठे द्यायचा ते आधी ठरवावे लागते. एवढे कळले की मी फोनवरच अंदाजे दर सांगू शकते आणि गिऱ्हाइकाला भरवसा वाटतो. तुम्ही फॉर्मवर ठेवले ते नाव, ईमेल आणि संदेश. ईमेल भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही आणि मोबाइल नंबर भरणे ऐच्छिक! आमच्याकडे येणारी निम्मी माणसे ईमेल वापरत नाहीत. साइटच्या माथ्यावरचा आमचा फोन नंबर तुम्ही चित्रातच कोरला आहे, त्यावर बोट ठेवले तर फोन लागत नाही. तो लक्षात ठेवून पुन्हा टाइप कोण करणार? पहिल्या पानावर मोठा व्हिडिओ लावला आहे, त्यामुळे मोबाइलवर साइट उघडायला फार वेळ लागतो. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला पाहिजे असे गूगलच सांगते. कामाच्या जागी उभे राहून, एका हातात टेप धरून बघणारा मिस्त्री तेवढाही थांबत नाही.

आता मजकुराबद्दल. क्वार्ट्झच्या पानावर तुम्ही "१०० टक्के हीटप्रूफ" असे ठळक अक्षरांत लिहिले. हे आम्ही कधीही सांगितले नव्हते आणि ते खरे नाही. ग्रॅनाइट खाणीतून निघालेला दगड आहे. क्वार्ट्झची लादी कारखान्यात बनते, तिच्यात साधारण नव्वद टक्के क्वार्ट्झची भुकटी आणि बाकी रेझिन, म्हणजे ती भुकटी चिकटवणारे रसायन असते. गरम भांडे थेट ठेवले की ते रेझिन पिवळे पडते, कधी तडाही जातो. आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला हे तोंडी सांगतो. गंगापूर रोडच्या एका कुटुंबाने मात्र तुमचे पान वाचून, दिवाळीच्या फराळाच्या वेळी चकलीची कढई गॅसवरून उतरवली ती थेट पांढऱ्या क्वार्ट्झवर. कढईच्या बुडाएवढे पिवळे वर्तुळ उमटले, ते कशानेही निघत नाही. आम्हाला बोलावून त्यांनी मोबाइलवर पान दाखवले. त्यावर आमचे नाव होते, आमचा लोगो होता. आम्ही काय बोलणार? क्वार्ट्झच्या दोन लॉटमध्ये रंगाचा फरक पडतो, म्हणून तेवढाच तुकडा बदलून चालले नाही. त्या बाजूचा पूर्ण ओटा स्वखर्चाने काढून नवा बसवून दिला. सिंकची कटिंग परत, पॉलिश परत, मजुरी परत. त्याचे बिल सोबत जोडले आहे. हा खर्च आम्ही का सोसायचा?

त्याच वेबसाइटवर ब्लॅक गॅलेक्सी हा काळा ग्रॅनाइट "इटलीहून आयात" असे लिहिले आहे. ब्लॅक गॅलेक्सी आंध्र प्रदेशातल्या प्रकाशम जिल्ह्यात, चिमाकुर्तीच्या खाणींतून निघतो आणि तिथून जगभर जातो. एका आर्किटेक्ट मॅडमनी हे वाचून आम्हाला सरळ विचारले, "तुम्हाला माल कुठून येतो तेही माहीत नाही का?" एवढी वर्षे दगडात काम करणाऱ्या माणसाला असा प्रश्न ऐकावा लागणे, याची भरपाई पैशात होत नाही.

आणि तो फोटो. "आमचे कारागीर" या मथळ्याखाली तुम्ही कुठलासा विकत घेतलेला फोटो टाकला आहे : एक तरुण मुलगा तोंडाला काही न बांधता ग्राइंडरने कोरडी कटिंग करतो आहे आणि त्याच्याभोवती पांढऱ्या धुळीचा लोट आहे. आमच्या कारखान्यात पाण्याखालीच कटिंग होते आणि मास्कशिवाय मशीनजवळ कोणी उभा राहत नाही. या धुळीतल्या सिलिकामुळे सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. क्वार्ट्झच्या लाद्यांमध्ये सिलिकाचे प्रमाण इतके जास्त असते, की कामगारांना झालेल्या आजारांनंतर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यांच्यावर बंदीच घातली. आमची मुले गावाकडून विश्वासाने आमच्याकडे कामाला येतात, त्यांचे आईवडील मला फोन करून चौकशी करतात. आमच्या नावाखाली असला फोटो जगाला दाखवला जावा, हे मला अजिबात सहन होत नाही. आम्ही आमच्या खऱ्या कामाचे आणि आमच्या माणसांचे भरपूर फोटो पेन ड्राइव्हमध्ये दिले होते. त्यातला एकही वापरलेला नाही. उलट मध्ये भला मोठा ओटा आणि भिंतीत ओव्हन असलेली परदेशी किचन जागोजागी लावली. दोन बेडरूमच्या फ्लॅटवाले ती बघून समजतात की हे आपल्या आवाक्यातले नाहीत.

जाहिरातींचे पैसेही असेच गेले. तुम्ही नुसता "ग्रॅनाइट" हा शब्द ब्रॉड मॅचमध्ये, म्हणजे त्याच्याशी दूरचा संबंध असलेल्या शोधांनाही जाहिरात दिसेल असा, लावला आणि नको असलेले शब्द वगळलेच नाहीत. खूप मागे लागल्यावर तुम्ही सर्च टर्म्सचा, म्हणजे लोकांनी गूगलवर काय शोधले त्याचा, एक स्क्रीनशॉट पाठवला. त्यात ग्रॅनाइट कोटिंगची कढई, नॉनस्टिक तवा, ग्रॅनाइटवरचे डाग कसे काढायचे, ग्रॅनाइट फॅक्टरीत नोकरी, असे शोधणाऱ्यांचे क्लिक आहेत आणि प्रत्येक क्लिकचे पैसे आमच्या खिशातून गेले आहेत. लोकेशनची सेटिंगही मूळ होती तशीच ठेवली, त्यामुळे नाशिकमध्ये नसलेल्या, नाशिकविषयी नुसती रुची दाखवणाऱ्या लोकांनाही जाहिरात दिसत होती. खाते बघायला मागितले तर "कंपनीची पॉलिसी नाही" असे उत्तर मिळाले. गावागावांच्या नावाने केलेली ती पाने, ज्यांत फक्त गावाचे नाव बदलले आहे, तीही काढून टाका. अशा पानांना गूगल स्पॅम मानते, आणि त्याची शिक्षा तुम्हाला नाही, आमच्या साइटला होणार.

सर्वांत गंभीर बाब शेवटी लिहिते आहे. आमच्या नावाचे डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, तुम्ही तुमच्या कंपनीच्या नावावर नोंदवले आहे. आमचे गूगल बिझनेस प्रोफाइल तुम्ही येण्याच्या कितीतरी आधीपासूनचे आहे, त्यावर खऱ्या गिऱ्हाइकांनी फोटोसह लिहिलेली मते आहेत. "सेटिंगसाठी लागेल" म्हणून तुम्ही त्याचे मुख्य मालकीहक्क स्वतःकडे घेतले आणि आमच्या नंबरच्या जागी तुमचा ट्रॅकिंग नंबर टाकला. म्हणजे आज नाशिकमध्ये कोणी आमचे नाव शोधून फोन लावला, तर तो तुमच्या नंबरवरून फिरून आमच्याकडे येतो. उद्या करार संपला की तो नंबर बंद, आणि आमची इतक्या वर्षांची ओळख तुमच्या हातात. असे करण्याचा अधिकार करारात तुम्हाला कुठेही दिलेला नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. डोमेनची नोंदणी आमच्या फर्मच्या नावावर करून त्याचे लॉगिन द्यावे, गूगल प्रोफाइलची मुख्य मालकी परत करावी आणि त्यावर आमचा मूळ नंबर लावावा. यासाठी हे पत्र मिळाल्यापासून सात दिवस पुरेसे आहेत. "हीटप्रूफ"चा दावा, इटलीचा उल्लेख आणि तो फोटो आजच काढावा, त्याला सात दिवस लागण्याचे कारण नाही. जाहिरात खाते आम्हाला बघायला खुले करावे आणि ओट्याशी संबंध नसलेल्या क्लिकवर गेलेली रक्कम हिशेबासह परत करावी. गंगापूर रोडच्या ओट्याचे बिल भरून द्यावे. फॉर्म मी दिलेल्या प्रश्नांप्रमाणे नव्याने करावा आणि त्यातली प्रत्येक चौकशी थेट आमच्या मेलवर व व्हॉट्सॲपवर यावी. तोपर्यंत पुढील महिन्यांचे देखभाल शुल्क आम्ही थांबवत आहोत. जुलैपासून ज्यांची नावे तुमच्याकडे पडून राहिली, त्या सर्वांचे नंबर व पत्ते तुमच्या यंत्रणेतून पुसून टाकल्याचे लेखी कळवावे. त्या लोकांनी आपली माहिती आमच्यावर विश्वास ठेवून दिली होती.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ नुसार नुकसानभरपाईसाठी आमचे वकील आपल्याला नोटीस पाठवतील. यापुढे कृपया फोनवर नवीन मुलांना बोलायला लावू नये. ज्यांनी करारावर सही केली त्यांनीच कारखान्यावर यावे, समोर बसून फॉर्म भरून दाखवावा आणि चौकशी माझ्या मोबाइलवर पोहोचल्याची खात्री करून द्यावी. सोमवार सोडून कोणत्याही दिवशी सकाळी दहानंतर मी कारखान्यावर असते.

कळावे,

आपली,
भागीदार, ग्रॅनाइट व क्वार्ट्झ ओटा कारखाना,
अंबड, नाशिक

सोबत : कराराची प्रत, पैसे भरल्याच्या पावत्या, फॉर्मच्या चौकश्यांची यादी (नंबर झाकून), वेबसाइटच्या पानांचे स्क्रीनशॉट, बदललेल्या ओट्याचे बिल व डागाचे फोटो